अंडी फुटली, भिशी गेली

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारे ३४ वर्षांचे, पुण्यात नोकरीला, स्वतः लहानपणापासून गेम खेळणारे. त्यांची सख्खी बहीण सांगलीकडे असते, तिचा मुलगा आठवीत आहे. दिवाळीत भाच्याने हट्ट केला म्हणून यांनी ताईच्या फोनवर एक गेम टाकून दिला. ताईची अट एकच होती, मारामारी, रक्त, शिव्या असलं काही नको. म्हणून अंडी उबवून त्यातून प्राणी गोळा करायचा एक गोड दिसणारा गेम निवडला. ताईला गुगलचा पासवर्ड आठवेना, म्हणून मामांनी आपलंच अकाउंट टाकलं. पुढच्या तीन आठवड्यांत भाच्याने ४१ व्यवहारांत १९,८६० रुपयांची अंडी फोडली, आणि हे ताईच्या भिशीचे पैसे होते. यूपीआयचा पिन त्याला माहीतच, कारण घरातलं लाइट बिल आणि गॅसचं बुकिंग तोच करतो. ताई त्याला चोर म्हणते आणि भावाशी बोलत नाही. भाऊजी म्हणतात सगळं बंद करा, सरकारनेसुद्धा गेम बंदच केले ना. मामांचं म्हणणं, हल्लीचे गेमच बिघडलेत, त्यात राजकारण घुसवलंय, ७० डॉलर घेऊन अर्धवट माल देतात, आमच्या वेळी असं नव्हतं. प्रश्न तीन आहेत: भाच्याचं खेळणं पूर्ण बंद करू का, नाहीतर 'चांगला' गेम कोणता देऊ, आणि ताईला तोंड कसं दाखवू. (गेमचं नाव पत्रात आहे, मी मुद्दाम गाळलंय, कारण त्या जागी दुसरे पन्नास गेम सहज बसतील.)

मामा,

पत्राखाली तुम्ही 'मामा बनलेला मामा' अशी सही केलीत ती वाचून हसले, पण भिशी हा शब्द आठवला आणि हसू गेलं. भिशीचा पैसा बँकेतल्या पैशासारखा नसतो हो, नंबर कधी लागतोय याची बाईने महिनोन्महिने वाट बघितलेली असते आणि त्या पैशाचं काय करायचं ते नंबर लागायच्या आधीच मनात ठरलेलं असतं, मिक्सर म्हणा, कानातलं म्हणा, पोराचीच क्लासची फी म्हणा. त्यामुळे ताईचा राग आकड्याचा नाहीये एवढं धरून चाला, आणि "मी लगेच वीस हजार पाठवतो" असा मेसेज टाकून मोकळे होऊ नका. तसं केलंत तर अजून दोन महिने बोलणार नाही ती.

आधी तो चोर शब्द बाजूला काढू. पिन टाकून आईच्या खात्यातून पैसे घेतले, न विचारता घेतले, एकेचाळीस वेळा घेतले, हे चूक आहे आणि ते त्याला कळलं पाहिजे, यात मी काही मऊ बोलणार नाही. पण तुमच्याच पत्रात त्याचं एक वाक्य आहे ते तुम्ही घाईत लिहून पुढे गेलात. तो म्हणाला, "मला वाटलं जेम्स संपतायत." (जेम्स म्हणजे त्या गेममधलं चलन.) तुम्ही याला बहाणा समजलात. मला नाही वाटत तो बहाणा आहे. तुम्ही पाठवलेले स्क्रीनशॉट मी वही घेऊन बसून बघितले. ४४९ रुपयांना ५०० जेम्स. एक अंडं १८० जेम्सचं. म्हणजे दोन अंडी फोडली की १४० जेम्स उरतात, तिसऱ्या अंड्याला ४० कमी. मग सगळ्यात छोटा पॅक ८९ रुपयांचा, त्यात ८० मिळतात. घेतला, तिसरं अंडं फोडलं, परत ४० उरले. सहजासहजी शून्य होत नाही बघा, हातात जवळजवळ नेहमी थोडे शिल्लक, आणि ते शिल्लक आहेत म्हणून पुढचा पॅक घ्यावासा वाटतो. आता आठवीतल्या पोराला विचारा एक अंडं किती रुपयांचं. तुम्हाला तरी पटकन सांगता येतंय का? साधारण १६२ रुपये होतात. गेमने एकदा जरी "१६२ रुपये, फोडू का?" असं विचारलं असतं तरी माझी खात्री आहे हे पोरगं पाचव्या अंड्याला थांबलं असतं, कारण हेच पोरगं किराण्याच्या दुकानात सुट्ट्या दोन रुपयांसाठी हुज्जत घालतं असं तुम्हीच लिहिलंय.

ही काही माझ्या डोक्यातली शंका नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एफटीसीने, म्हणजे तिथल्या ग्राहकहिताच्या सरकारी संस्थेने, गेन्शिन इम्पॅक्ट या गेमच्या कंपनीविरुद्ध जी तक्रार केली त्यात हा पण मुद्दा होता, की एका चलनातून दुसऱ्या चलनात फिरवत फिरवत खरी किंमत लपवली जाते आणि मुलांना काही समजत नाही. कंपनीने २ कोटी डॉलर भरून तडजोड केली आणि १६ वर्षांखालच्या मुलांना आईबापांच्या परवानगीशिवाय अशा नशिबाच्या पेट्या (तुमच्या अंड्यांसारख्याच, आत काय निघेल ते आधी कळत नाही) विकणार नाही हे पण कबूल केलं. त्याच्या आधी डिसेंबर २०२२ मध्ये फोर्टनाइटवाल्या एपिकला ५२ कोटी डॉलर मोजायला लागले, त्यातले साडेचोवीस कोटी लोकांना परत द्यायला, कारण बटणं अशी मांडली होती की लोकांची, पोराटोरांची नको असताना खरेदी होत होती. म्हणजे अमेरिकेतले आईबाप सुद्धा फसले, तुमची ताई काही एकटी बावळट नाही. हे तिला सांगा.

माझं पण सांगते, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की बाई वरून उपदेश करतेय. लॉकडाऊनमध्ये मी एक रंगीत गोळ्या फोडायचा गेम खेळायचे. मी पंचेचाळिशीची, कॉमर्स केलेली, घरचा हिशोब पैशापैशाचा ठेवणारी. रात्री दीड वाजता पाच 'लाइफ' घेण्यासाठी अंगठा लावायचे आणि सकाळी ते आठवायचं पण नाही. चार महिन्यांनी स्टेटमेंट बघितलं तर २,३०० रुपये. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही, आता कळेल.

आता तुमच्या "आमच्या वेळी असं नव्हतं" कडे येऊ. खरंच नव्हतं का? तुमच्या वेळी, म्हणजे टीव्हीला जोडायचा तो व्हिडिओ गेम आणि पिवळं कार्ट्रिज ज्यावर '९९९९ इन वन' लिहिलेलं असायचं आणि आत तेच सहा-सात गेम फिरून फिरून यायचे, ती पण फसवणूकच होती की, फक्त एकदाच व्हायची. आणि व्हिडिओ गेम पार्लर आठवा, नाणं टाकायचं आणि तिसऱ्या लेव्हलला अचानक इतकं अवघड व्हायचं की दुसरं नाणं बाहेर. ते अवघड होणं काही योगायोगाने नव्हतं. पण त्याहून जवळचं उदाहरण सांगते. शाळेसमोरच्या टपरीवर पुठ्ठ्याचा एक बोर्ड टांगलेला असायचा. त्यावर छोट्या छोट्या चिठ्ठ्या, आठ आण्याला एक फाडायची. आत नंबर. नंबरला कधी बबलगम, कधी प्लास्टिकची अंगठी, आणि बोर्डाच्या डोक्यावर एक मोठी बॅट किंवा घड्याळ लटकवलेलं. ती बॅट कोणाला लागलेली मी तरी बघितली नाही. आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं की टपरीवाला तो नंबर आधीच काढून खिशात ठेवतो, तरी आम्ही फाडायचोच.

त्या बोर्डात आणि तुमच्या भाच्याच्या अंड्यात फरक एवढाच, की तिथे खिशातले दोन रुपये संपले की खेळ संपायचा आणि टपरी संध्याकाळी बंद व्हायची. आता टपरी आईच्या फोनात आहे, रात्रभर उघडी आहे, आणि खिसा आईच्या भिशीचा आहे.

म्हणून भाच्याला भाषण देण्यापेक्षा एक करा. पुढच्या वेळी सांगलीला जाल तेव्हा १०० चिंचोके घ्या, एकाला ताईचं लाल नेलपॉलिश लावा, वाळू द्या, सगळे कापडी पिशवीत टाका. त्या गेममध्ये सोनेरी गरुड निघायची शक्यता १ टक्का लिहिलीय, कुठे लिहिलीय ते त्यालाच शोधायला लावा. अ‍ॅपलने २०१७ मध्ये आणि गुगलने २०१९ मध्ये हे आकडे दाखवणं सक्तीचं केलंय, त्यामुळे गेममध्ये कुठेतरी कोपऱ्यात बारीक अक्षरात ते असतात. मग डोळे मिटून एक चिंचोका काढायचा, बघायचा, परत टाकायचा, हलवायचं, परत काढायचा. परत टाकायचा हे महत्त्वाचं, कारण पोरांना वाटतं आता ९० अंडी फोडली म्हणजे पुढच्या दहात गरुड असणारच, आणि तसं अजिबात नसतं. गणिताने सांगायचं तर अशी १०० अंडी फोडणारी १०० पोरं घेतली तर त्यातल्या ३६-३७ जणांना गरुड दिसतच नाही. दोनशे अंडी फोडली तरी तेरा-चौदा जण कोरडे राहतात. मी हे माझ्या पुतणीबरोबर केलं होतं, एकशे एकतिसाव्या वेळी लाल चिंचोका आला आणि तोपर्यंत तिला इतका कंटाळा आला होता की ती उठून भेळ खायला गेली होती, मीच एकटी काढत बसले होते. तो कंटाळा महत्त्वाचा आहे. गेममध्ये तो येऊ देत नाहीत, तिथे अंडं हलतं, तडा जातो, उजेड येतो, वाजतं काहीतरी. चिंचोका नुसता चिंचोका असतो.

आता ताईची अट. मारामारी नको, रक्त नको. ताईचं चुकलं असं मी म्हणणार नाही, जीटीए हा मारामारीचा गेम १८ वर्षांवरच्यांसाठी आहे आणि तेरा वर्षांच्या पोराला तो नाही दिला हे बरोबरच केलं, तुम्ही त्यावर नाक मुरडलंत ते मला आवडलं नाही. पण तिची अट अर्धी होती, आणि ही अर्धी अट फक्त तिची नाही, आख्ख्या जगाने तीस वर्षं हेच केलंय. १९९३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये मॉर्टल कॉम्बॅट वगैरे गेमवरून सुनावण्या झाल्या, पाठीचा कणा उपटून काढतात हे बघून लोक हादरले, त्यातून १९९४ मध्ये तिथलं वयाच्या शिक्क्यांचं मंडळ आलं, ईएसआरबी. पुढे कॅलिफोर्नियाने हिंसक गेम मुलांना विकण्यावर कायदा केला, तो २०११ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ असा रद्द केला. एवढी सगळी डोकेफोड पडद्यावर काय दिसतं यावर झाली. गेममध्ये पैशाने काही विकत घेता येतं, एवढं साधं त्या डब्यावर छापायला याच मंडळाला २०१८ उजाडलं. आणि त्यात नशिबाच्या वस्तू पण आहेत हे सांगायला २०२०.

याचा सगळ्यात मजेशीर नमुना म्हणजे बालाट्रो. पत्त्यांचा गेम आहे, पोकरसारखे हात लावायचे, पण खरा पैसा कुठेच लावायचा नाही, एकदा विकत घेतला की परत एक रुपया मागत नाही. याला युरोपातल्या पेगी नावाच्या, गेमवर वयाचे शिक्के मारणाऱ्या संस्थेने २०२४ मध्ये १८ चा शिक्का मारला होता, का तर पत्ते दिसतात, जुगाराची आठवण होते. आणि त्याच वेळी ईए स्पोर्ट्स एफसी हा फुटबॉलचा गेम, ज्यात खऱ्या पैशाने बंद पाकिटं घेऊन आत कोणता खेळाडू निघतो ते बघायचं, त्याला शिक्का होता ३ चा. तीन वर्षांच्या पोराला चालेल! बालाट्रोवाल्यांनी अपील केलं तेव्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याचा शिक्का १२ वर आला. पत्ते दिसले म्हणून दरवाजा बंद आणि पाकिटं विकतात ते खुलेआम, कारण चित्रात हिरवं मैदान आहे. तुमच्या ताईने पण हेच केलं, तिने अंडी बघितली, गोड डोळ्यांचे प्राणी बघितले आणि हो म्हणाली. बेल्जियम मात्र वेगळं वागलं, तिथल्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये सरळ सांगितलं की अशा पेट्या म्हणजे जुगार, आणि २०१९ च्या जानेवारीत ईएने तिथे फिफाचे (याच फुटबॉलच्या गेमचं तेव्हाचं नाव) पॉइंट विकणं थांबवलं.

आणि मामा, आता थोडं तुमच्यावर घसरते, राग मानू नका. तुम्ही लिहिलंय की गेममध्ये राजकारण घुसवलं, नायिका मुद्दाम अशा का तशा बनवतात, म्हणून धंदा बसला. तुम्ही पण पडद्याकडेच बघताय की. ताई रक्त बघते, तुम्ही नायिकेचे केस बघता, गल्ल्याकडे दोघंही बघत नाही. कॉन्कॉर्ड या ऑनलाइन गोळीबाराच्या गेमचं उदाहरण तुम्ही दिलंय, २०२४ च्या २३ ऑगस्टला आला आणि ६ सप्टेंबरला सोनीने उचलून पैसे परत केले. पात्रं लोकांना आवडली नाहीत हे खरंय, पण ४० डॉलर मागत होते अशा प्रकारच्या गेमला जिथे बाजूच्या दुकानात ओव्हरवॉच २ फुकट मिळत होता. आणि राजकारणाने गेम बुडतात हेच खरं असेल तर बाल्डर्स गेट ३ बघा, तुम्हाला ज्याची चीड येते ते सगळं त्यात ठासून आहे, आणि २०२३ मध्ये तो किती चालला ते तुम्हाला मी सांगायला नको, तुमच्याच पत्रात तो तुमचा आवडता आहे.

७० डॉलरची तक्रार मात्र रास्त आहे, पण तिच्या मागचा हिशोब बघा. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि एफटीसीची कोर्टात जुंपली होती तेव्हा सोनीचे काही कागद नीट न झाकता बाहेर आले आणि कळलं की लास्ट ऑफ अस पार्ट टू करायला साधारण २२ कोटी डॉलर लागले होते. एका गेमला! एवढा पैसा घातला की मग कोणालाच धाडस करायचं नसतं, जुनंच परत काढा, तारीख आली की अर्धवट असला तरी सोडा, आणि पुढे आत दुकान टाका. सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० मध्ये असाच सोडला आणि आठवडाभरात प्लेस्टेशनच्या दुकानातून काढायला लागला. २००६ मध्ये ऑब्लिव्हियन नावाच्या गेमने घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं होतं, लोक हसले, चिडले, आणि घेतलं पण. तिथून हे दुकान वाढत वाढत २०१७ च्या बॅटलफ्रंट २ पर्यंत आलं, जिथे पूर्ण पैसे देऊन घेतलेल्या गेममध्ये परत पेट्यांसाठी पैसे मागायला लागले. लोक इतके भडकले की बाजारात यायच्या आदल्या दिवशी कंपनीला ती विक्री बंद करायला लागली. आणि एवढं करून कामगारांचं भलं झालं म्हणाल तर ते पण नाही. मायक्रोसॉफ्टने ६,८७० कोटी डॉलरला अ‍ॅक्टिव्हिजन ही गेम कंपनी घेतली आणि साधारण तीन महिन्यांत, जानेवारी २०२४ ला, गेम विभागातल्या १,९०० लोकांना घरी बसवलं. मे महिन्यात हाय-फाय रश करणारा टँगो स्टुडिओ बंद करायचं जाहीर केलं, ज्या गेमचं सगळ्यांनी कौतुक केलं होतं. पुढे तो उचलला कोणी तर क्राफ्टनने, आपल्याकडे बीजीएमआय, म्हणजे पबजीचा भारतीय अवतार, चालवते तीच. फुकटच्या गेममधल्या कपड्यांच्या पैशावर तगलेली कंपनी, कथेच्या गेमवाल्यांना जागा देते. हे बघून मला हसावं का काय करावं ते कळत नाही.

तुमच्या भाऊजींचं राहिलंच. सरकारने बंद केले म्हणतात ते दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतायत. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाईल बंद झाला तो ११८ चिनी अ‍ॅपच्या यादीत, देशाच्या सुरक्षेच्या नावाखाली, पोरं बिघडतात म्हणून नाही. २०२१ च्या जुलैत तो बीजीएमआय होऊन परत आला, जुलै २०२२ मध्ये परत गायब, मे २०२३ मध्ये परत हजर. त्या काळात तुमच्या ओळखीतलं एक तरी पोर मैदानात जाऊन विटीदांडू खेळायला लागलं का? दुसरा गेम टाकला त्यांनी. आणि ऑगस्ट २०२५ चा जो कायदा आहे त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकायच्या गेमवर आहे, ज्याच्यामुळे ड्रीम११ ला पैशाच्या स्पर्धा थांबवायला लागल्या. अंडी फोडायच्या गेममध्ये जिंकलेला गरुड विकून पैसे मिळत नाहीत, नुसते जातात, त्यामुळे 'कायद्याने बंद झालंय, आता काळजी नको' असं समजून भाऊजी निवांत बसले असतील तर उठवा त्यांना.

पूर्ण बंदी करायची का, याचं माझं उत्तर नाही असं आहे, पण त्याला एक अपवाद आहे. पोराची झोप, जेवण, शाळा, मित्र हे सगळं गेममुळे सुटत चाललं असेल आणि ते महिनोन्महिने चालू असेल (जागतिक आरोग्य संघटना या आजाराचं नाव घेते तेव्हा साधारण वर्षभराची वागणूक बघायला सांगते) तर समुपदेशकाकडे न्या, टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे आणि मराठीत बोलतात. तुमच्या पत्रावरून तसं काही दिसत नाही. तो कबड्डीला जातो, मार्क ठीक आहेत, तीन आठवडे एका गेमने त्याला धरलं एवढंच.

आता करायचं काय. पैसे परत मिळतात का ते आधी बघा, आशा कमी आहे पण सोडू नका. गुगल प्लेवर खरेदीच्या ४८ तासांत विनंती केली तर सोपं जातं, तो वेळ गेलाय, तरी "घरातल्या लहान मुलाने केली" असं स्पष्ट लिहून गुगलला आणि गेमच्या कंपनीला दोन्हीकडे मेल करा, व्यवहारांची यादी जोडा, भांडू नका, तारखा आणि ऑर्डर नंबर लिहा. मग आजच ताईच्या फोनवरून तुमचं अकाउंट काढा. खरं सांगायचं तर सगळ्यात मोठं भगदाड तेच होतं, गुगलच्या लेखी तो गेम ३४ वर्षांचा माणूस खेळत होता, त्याला कोण कशाला अडवेल? भाच्याचं त्याच्या खऱ्या जन्मतारखेचं अकाउंट काढा, गुगलच्या फॅमिली लिंक अ‍ॅपमध्ये ताईला पालक करा, प्रत्येक खरेदीला तिची परवानगी लागेल असं लावा. पिन बदला, आणि बदललेला पिन त्याचं जन्मसाल नको. लाइट बिल भरायचं काम त्याच्याकडेच ठेवा पण पिन ताई टाकेल. ते काम काढून घेऊ नका, त्याचा त्याला अभिमान असेल. आणि ताईच्या बँकेचे मेसेज कोण वाचतं? एकेचाळीस मेसेज आले असणार, ते सगळे कर्जाच्या आणि लॉटरीच्या जाहिरातींत बुडाले. निदान आठवड्याला एकदा, रविवारी चहा पिताना, दोघं मिळून वाचा.

पैशाचं असं करा. अकाउंट तुमचं होतं म्हणून अर्धे तुम्ही द्या, आणि उघडपणे, भाच्यासमोर, "माझी चूक एवढ्याची" असं म्हणून द्या. उरलेल्यातला थोडा भाग त्याने फेडायचा, वाढदिवसाचे, आजीने दिलेले, जे येतील ते, दोन वर्षं लागली तरी चालेल, वहीत लिहून. बाकीचं ताई-भाऊजींनी ठरवावं, तिथे तुम्ही मधे बोलू नका. एकट्या ताईला फोन करू नका, जा सांगलीला.

चांगला गेम कोणता, तर मी एक साधी चाळणी लावते: एकदा पैसे घेतो का, आणि नंतर गप्प बसतो का. स्टार्ड्यू व्हॅली घ्या, एरिक बॅरोन नावाच्या एका माणसाने साडेचार वर्षं एकट्याने बसून केला, २०१६ मध्ये आला, पुढची मोठी मोठी भर त्याने फुकट दिली आणि ४ कोटींच्या वर विकला गेला. शेती आहे, गाव आहे, ताईला पण आवडेल, फोनवर पण चालतो. आणि तुमच्या पीसीवर राजी खेळा दोघं मिळून, पुण्याच्या नॉडिंग हेड्सने केलेला. क्राउडफंडिंगमध्ये त्यांना पैसे जमले नव्हते तरी नेटाने २०२० मध्ये बाजारात आणला, राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधणाऱ्या बहिणीची गोष्ट आहे. मारामारी आहे त्यात, ताईला आधी दाखवा, मग तिने हो म्हटलं तर. तुमच्यासाठी एकच, प्री-ऑर्डर बंद करा. स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तर परत करता येतं, ते वापरा, आणि नव्या गेमवर आल्या आल्या तुटून पडायचं सोडून दोन महिने थांबा. चिडून कमेंटी लिहिण्यात जेवढा वेळ जातो तेवढाच लागेल.

शेवटी एक विचारायचंय. तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं, चार पानी आहे, त्यात पिन आहे, बँक आहे, भाऊजी काय म्हणाले, ताई काय म्हणाली, सगळं आहे. पण तो सोनेरी गरुड शेवटी निघाला का नाही, हे कुठेच नाही. चिंचोके काढायला बसाल तेव्हा विचारा त्याला. निघाला असेल तर त्याचं नाव काय ठेवलं ते पण विचारा, आणि मला कळवा.